खेळाडूची कसोटी कोणत्या मापाने?

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पावसाळा लागला की पऱ्हे टाकायचे, मग चिखलणी, मग रोवणी, आणि पुढे कापणीपर्यंत आभाळाकडे पाहत राहायचे, हा येथील शेतकऱ्याचा वर्षाचा क्रम. विद्यार्थी मित्रहो, या धानाच्या बांधीतूनच आपण एक हिशेब शिकू या आणि मग तो घेऊन थेट हॉकीच्या मैदानावर जाऊ या.

समजा, एका गावात दोन शेतकरी आहेत. पहिल्याची बांधी मामा तलावाच्या अगदी खाली आहे. त्याला हवे तेव्हा पाणी मिळते. दुसऱ्याची जमीन उंचावर आहे आणि तिची सारी भिस्त पावसावर आहे. यंदा पहिल्याला एकरी १६ क्विंटल धान झाले, दुसऱ्याला १२ क्विंटल. अधिक चांगला शेतकरी कोण? घाईने उत्तर द्यायचे तर पहिला. पण आता आणखी एक माहिती मिळवा. तलावाखालच्या तशाच जमिनीत यंदा गावातील इतरांना सरासरी १८ क्विंटल झाले आणि उंचावरच्या जमिनीत सरासरी ९ क्विंटल. म्हणजे पहिला शेतकरी अपेक्षेपेक्षा २ क्विंटलने मागे पडला आणि दुसरा ३ क्विंटलने पुढे गेला. आता तुमचे उत्तर बदलले ना?

उत्पन्नाचा नुसता आकडा पाहणे निराळे आणि तो आकडा योग्य अपेक्षेशी ताडून पाहणे निराळे. शेतकऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट आपल्याला लगेच पटते. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण ती हमखास विसरतो. संघ हरला की ‘अमक्याने घोर निराशा केली’ असे म्हणून मोकळे होतो. ही निराशा नेमकी किती, कशाच्या तुलनेत आणि कोणामुळे, हे कोणी मोजत नाही. ते मोजता येते का, हे एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

खडकीचा धनराज

महाराष्ट्राने देशाला दिलेला सर्वांत गाजलेला हॉकीपटू म्हणजे धनराज पिल्ले. त्याचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी पुण्याजवळच्या खडकी येथे झाला. त्याचे वडील तेथील आयुध निर्माणीत मैदानाची देखभाल करीत. आपल्या भंडारा जिल्ह्यातही जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे; तशाच एका कामगार वसाहतीत धनराज वाढला. मोडक्या स्टिका जोडून आणि इतरांनी टाकून दिलेले चेंडू घेऊन तो मातीच्या मैदानावर खेळायला शिकला. १९८९ साली तो भारतीय संघात आला आणि २००४ पर्यंत खेळत राहिला. या काळात तो चार ऑलिंपिक स्पर्धा, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स करंडक स्पर्धा खेळला. वाऱ्यासारखा वेग आणि चेंडूवरची विलक्षण हुकमत यांमुळे प्रेक्षक त्याच्यावर लुब्ध असत. १९९९-२००० या वर्षाचा खेलरत्न पुरस्कार त्याला मिळाला.

इतके असूनही त्याच्या वाट्याला ऑलिंपिक किंवा विश्वचषकाचे एकही पदक आले नाही. बार्सिलोना (१९९२), अटलांटा (१९९६), सिडनी (२०००) आणि अथेन्स (२००४) या चार ऑलिंपिक स्पर्धांत भारताचा क्रमांक अनुक्रमे सातवा, आठवा, सातवा आणि सातवा लागला. मग धनराज अपेक्षेला उतरला नाही असे म्हणायचे का?

‘अपेक्षा’ या शब्दाचे दोन अर्थ

येथे प्रथम शब्दाचा घोळ सोडवला पाहिजे. व्यवहारात अपेक्षा म्हणजे आपली इच्छा. ‘पोराने पहिला नंबर काढावा अशी माझी अपेक्षा आहे’ असे वडील म्हणतात, तेव्हा ते इच्छा सांगत असतात. गणितात मात्र अपेक्षा म्हणजे आतापर्यंतच्या माहितीवरून काढलेला अंदाज. त्यात आपल्याला काय आवडेल याला जागा नसते. फासा टाकला तर सहा पडावेत अशी खेळणाऱ्याची इच्छा असते. पण पुष्कळ वेळा टाकल्यास सरासरी साडेतीन येईल हा गणिती अंदाज असतो. प्रत्येक वेळी सहा पडले नाहीत म्हणून कोणी फाशाला दोष देत नाही.

भारतीय हॉकीच्या बाबतीत देशाची इच्छा फार मोठी होती, आणि त्याला कारणही होते. १९२८, १९३२, १९३६, १९४८, १९५२, १९५६, १९६४ आणि १९८० अशी आठ ऑलिंपिक सुवर्णपदके भारताने मिळवली होती. या आठ पदकांचे ओझे पुढच्या प्रत्येक संघाच्या खांद्यावर आले, आणि संघातल्या सर्वांत नामवंत खेळाडूच्या खांद्यावर तर सर्वांत जास्त.

पण या काळात खेळच बदलत गेला होता. १९७६ साली माँट्रिअल येथे ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. मातीच्या किंवा गवताच्या मैदानावर चेंडू उसळतो, अडखळतो. तेथे मनगटाच्या कौशल्याला फार किंमत असते. कृत्रिम हिरवळीवर चेंडू सरळ आणि वेगाने जातो. तेथे ताकद, दमसास आणि लांब पल्ल्याचे पास यांचे महत्त्व वाढते. ही मैदाने खर्चिक असल्यामुळे भारतात ती पुष्कळ उशिरा आणि थोड्याच ठिकाणी झाली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळाले खरे, पण बहिष्कारामुळे अनेक बलाढ्य संघ गैरहजर होते आणि हॉकीत एकूण सहाच संघ उतरले होते. त्यानंतरचे ऑलिंपिक पदक, कांस्य, भारताला मिळाले ते थेट २०२१ मध्ये टोकियोला खेळल्या गेलेल्या स्पर्धेत, म्हणजे ४१ वर्षांनी.

आता हिशेब करून पाहू

धनराज संघात येण्यापूर्वीच्या शेवटच्या दोन स्पर्धांवरून एक साधा अंदाज बांधू आणि तो पुढच्या चार स्पर्धांशी ताडून पाहू. लक्षात ठेवा, येथे सरासरी क्रमांक जितका लहान तितकी कामगिरी चांगली.

ऑलिंपिक: १९८४ साली लॉस एंजेलिसला भारत पाचवा आणि १९८८ साली सोलला सहावा. सरासरी ५.५. धनराजच्या काळातील चार स्पर्धांत ७, ८, ७, ७. सरासरी ७.२५.

विश्वचषक: १९८२ साली मुंबईत पाचवा आणि १९८६ साली लंडनला बारावा. सरासरी ८.५. पुढच्या चार स्पर्धांत, लाहोर (१९९०) दहावा, सिडनी (१९९४) पाचवा, युट्रेक्ट (१९९८) नववा आणि क्वालालंपूर (२००२) दहावा. सरासरी ८.५.

आशियाई स्पर्धा: १९८२ साली दिल्लीला दुसरा आणि १९८६ साली सोलला तिसरा. सरासरी २.५. पुढच्या चार स्पर्धांत, बीजिंग (१९९०) दुसरा, हिरोशिमा (१९९४) दुसरा, बँकॉक (१९९८) पहिला आणि बुसान (२००२) दुसरा. सरासरी १.७५.

काय दिसते? ऑलिंपिकमध्ये संघ अंदाजापेक्षा थोडा खाली राहिला, विश्वचषकात अगदी अंदाजाइतकाच खेळला आणि आशियाई स्पर्धांत अंदाजाच्या वर गेला. १९९८ मधील बँकॉकचे सुवर्णपदक तर ३२ वर्षांनंतर मिळालेले होते. धनराज त्या संघाचा कर्णधार होता आणि त्या स्पर्धेत सर्वांत जास्त गोलही त्याचेच होते.

आठ सुवर्णपदकांच्या मापाने मोजले तर हा सारा काळ अपयशाचा दिसतो. आदल्या दोन स्पर्धांच्या मापाने मोजले तर तो बराचसा अंदाजाबरहुकूम दिसतो. संघ तेच, सामने तेच; बदलली ती फक्त मोजपट्टी. अर्थात आपला अंदाज केवळ दोन-दोन स्पर्धांवर उभा आहे, म्हणून तो कच्चा समजावा. स्पर्धेतील संघांची संख्याही नेहमी सारखी नव्हती. २००२ च्या विश्वचषकात १६ संघ होते, तर आधीच्या तीन स्पर्धांत १२. सोळांतला दहावा आणि बारांतला दहावा हे सारखे नव्हेत. पण कच्चा का होईना, हिशेब मांडला की वादाला काही आधार मिळतो.

संघाचे माप आणि माणसाचे माप

वरचे सारे आकडे संघाचे आहेत, एकट्या धनराजचे नव्हेत, हे तुमच्या ध्यानात आले असेलच. हॉकीत एका वेळी अकरा खेळाडू मैदानात असतात. आघाडीच्या एकाचा खेळ कितीही चांगला झाला, तरी बचावफळीतून गोल झाले तर संघ हरतो.

२००२ हे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षाच्या आरंभी क्वालालंपूरच्या विश्वचषकात भारत दहावा आला. त्याच वर्षी पुढे जर्मनीतील कोलोन येथे चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत भारत चौथा आला. पदक हुकले, पण स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती ३४ वर्षांच्या धनराजची! १९९४ च्या विश्वचषकातही भारत पाचवा होता, आणि त्या वेळी निवडलेल्या जागतिक संघात स्थान मिळालेला एकमेव भारतीय धनराज होता. संघाचा क्रमांक आणि खेळाडूची योग्यता या दोन वेगळ्या राशी आहेत. एकीवरून दुसरी थेट काढता येत नाही.

क्रमांक हे मापही फार ढोबळ आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये भारताचा शेवटचा साखळी सामना पोलंडशी होता. तो जिंकला असता तर भारत उपांत्य फेरीत गेला असता. भारत एक गोलने पुढे होता आणि सामना संपायला दोन मिनिटेही उरली नव्हती. तेवढ्यात पोलंडने गोल केला आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. भारत अखेर सातवा ठरला. तो एक गोल झाला नसता तर हाच संघ पहिल्या चारांत गणला गेला असता. सत्तर मिनिटांपैकी अडुसष्ट मिनिटांचा खेळ दोन्ही बाबतीत तोच. पण निकालाच्या तक्त्यात एक संघ ‘यशस्वी’ आणि दुसरा ‘अपयशी’. ज्या मोजपट्टीवर सेंटिमीटरच्या खुणाच नाहीत, फक्त मीटरच्या आहेत, तिने पेन्सिल मोजण्यासारखे हे झाले.

भाजक विसरू नका

मग खेळाडूचे गोलच मोजावेत, असे कोणी म्हणेल. करून पाहू. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने ५ सामन्यांत २९ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. त्यांपैकी १४ गोल ध्यानचंद यांचे. म्हणजे सामन्यामागे २.८ गोल. धनराजच्या नावावर ३३९ सामने आणि सुमारे १७० गोल सांगितले जातात. म्हणजे सामन्यामागे अर्धा गोल. मग ध्यानचंद साडेपाच पटींनी श्रेष्ठ का?

असा भागाकार बरोबर असला तरी निष्कर्ष चुकीचा आहे, कारण दोन्ही भाजक एका जातीचे नाहीत. १९२८ साली स्पर्धेत नऊच संघ होते आणि भारताच्या तोडीचे फारच थोडे. ध्यानचंद यांचे आकडे एका स्पर्धेतील पाच सामन्यांचे आहेत, तर धनराजचे पंधरा वर्षांतील शेकडो सामन्यांचे, त्यांत उमेदीचेही आणि उतरत्या वयाचेही. १९९० च्या दशकात खेळाडू वारंवार बदलण्याची मुभा मिळाली, तेव्हा एक सामना म्हणजे पूर्ण सत्तर मिनिटे खेळ, असेही राहिले नाही. पुढे तर सामन्याची वेळच बदलून प्रत्येकी १५ मिनिटांचे चार भाग, म्हणजे ६० मिनिटे झाली. म्हणून ‘सामन्यामागे गोल’ यापेक्षा ‘मैदानावरील मिनिटांमागे गोल’ हे माप अधिक चांगले.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. धनराजच्या गोलांची अधिकृत नोंद त्या वेळी भारतीय हॉकी महासंघाने ठेवलीच नाही. १७० हा आकडा खुद्द खेळाडूने आणि आकडेवारीच्या अभ्यासकांनी सांगितलेला आहे. ज्या देशात हॉकीवर इतके प्रेम, त्या देशात आपल्या सर्वांत आवडत्या खेळाडूचे गोल कोणी नीट लिहून ठेवले नाहीत! विज्ञानाचा पहिला धडा येथेच आहे. निवाडा करायचा तर आधी नोंद हवी. नोंद नसेल तर उरते ती आठवण, आणि आठवण पक्षपाती असते. तिला हुकलेला पेनल्टी स्ट्रोक आठवतो. त्याआधीचे चाळीस अचूक पास आठवत नाहीत.

पाच सामन्यांची नाणेफेक

आता एक गंमत करा. खिशातून एक नाणे काढा आणि समजा, हा आपला आघाडीचा खेळाडू आहे. छापा पडला तर सामन्यात एक गोल झाला, काटा पडला तर गोल नाही. म्हणजे हा खेळाडू सरासरी दोन सामन्यांत एक गोल करतो. एका स्पर्धेत पाच सामने असतात असे धरून नाणे पाच वेळा उडवा आणि गोल लिहा. अशा वीस स्पर्धा खेळा.

पाच नाणेफेकींचे एकूण ३२ निकाल संभवतात. त्यांत एकही गोल नाही असा १, एकच गोल असे ५, दोन गोल असे १०, तीन गोल असे १०, चार गोल असे ५ आणि पाच गोल असा १. म्हणजे ३२ पैकी ६ वेळा, सुमारे शंभरात १९ वेळा, आपला खेळाडू अख्ख्या स्पर्धेत एक किंवा शून्य गोल करील. तितक्याच वेळा तो चार किंवा पाच गोल करील. पहिल्या प्रसंगी लोक म्हणतील, ‘संपला आता!’ दुसऱ्या प्रसंगी त्याला हारतुरे घालतील. पण नाणे तर तेच आहे. त्याचे कौशल्य तसूभरही घटले नाही की वाढले नाही.

आता सामने वाढवा. पाचांत एक किंवा त्याहून कमी, या प्रमाणात गोल होण्याची शक्यता पाच सामन्यांत शंभरात १९ होती. दहा सामन्यांत (म्हणजे दोन किंवा कमी गोल) ती शंभरात साडेपाचच्या आसपास येते. वीस सामन्यांत (चार किंवा कमी) ती शंभरात एकाहूनही कमी होते. जितकी निरीक्षणे अधिक, तितका दैवाचा वाटा कमी आणि कौशल्य तितके स्पष्ट. एका स्पर्धेवरून खेळाडूला डोक्यावर घेणे किंवा पायदळी तुडवणे अशास्त्रीय का, याचे उत्तर या नाण्यात आहे.

शिखरानंतरचा उतार

ज्याने एकदा अपूर्व पराक्रम केला, त्याच्याकडून आपण पुढच्या वेळी तसाच, किंबहुना अधिक मोठा पराक्रम मागतो. अपेक्षा वाढतात त्या नेमक्या अशा वेळी. आणि निराशाही नेमकी अशाच वेळी पदरी पडते. यामागे एक नियम आहे.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईबापांची मुले सरासरीपेक्षा उंच होती, पण आईबापांइतकी नव्हती. फार ठेंगण्या आईबापांची मुलेही सरासरीच्या जवळ सरकलेली होती. टोकाची गोष्ट पुन्हा मोजली की ती सरासरीकडे झुकते. हाच तो सरासरीकडे परतण्याचा नियम.

खेळातही असेच होते. असामान्य कामगिरीत कौशल्य तर असतेच, पण त्या दिवशीचे दैवही साथ देत असते. कौशल्य पुढच्या सामन्यातही बरोबर येते. दैवाची खात्री नाही. म्हणून शिखरानंतर थोडा उतार येणे हे स्वाभाविक आहे; तो आळस किंवा गर्व यांचा पुरावा नव्हे.

शिक्षकांनी येथे एक गोष्ट अवश्य वाचावी. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन (यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले) इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना शिकवीत होते. एक प्रशिक्षक म्हणाला, ‘चांगल्या उड्डाणाची स्तुती केली की पुढचे उड्डाण बिघडते, वाईट उड्डाणावर रागावले की पुढचे सुधारते. म्हणून शाबासकी वाईट आणि रागावणे चांगले.’ कानेमन यांच्या ध्यानात आले की येथे स्तुतीचा किंवा रागावण्याचा संबंधच नाही. फार चांगल्या उड्डाणानंतर साधे उड्डाण येणार आणि फार वाईटानंतरही साधेच येणार. एका चाचणीत ९५ गुण मिळवणाऱ्या मुलाला पुढच्या चाचणीत ८८ मिळाले की आपण त्याला बोलतो. बोलण्याआधी हा नियम आठवावा.

संधीचे मोल

गोलांची तुलना आणखी नीट करता येते. प्रत्येक फटका सारखा नसतो. हॉकीत गोलासमोरच्या अर्धवर्तुळातून, म्हणजे ‘डी’मधून, मारलेलाच गोल धरतात. गोलाची रुंदी ३.६६ मीटर आहे. गोलाच्या बरोबर समोर, ‘डी’च्या कडेवर, १४.६३ मीटर अंतरावर उभे राहिल्यास दोन खांबांमधला कोन सुमारे १४ अंशांचा दिसतो. तेथून पुढे ७ मीटरवर आल्यास तो सुमारे २९ अंश होतो. पण तितक्याच ७ मीटर अंतरावर ४५ अंश बाजूला सरकले तर तो २२ अंशांपर्यंत खाली येतो. वहीवर मापाने आकृती काढून कोनमापकाने हे पडताळून पाहा.

कोन मोठा, तर गोलाची शक्यता मोठी. पूर्वीच्या पुष्कळ फटक्यांची नोंद असेल तर अशा प्रत्येक जागेला एक शक्यता देता येते. समजा, एका खेळाडूने सामन्यात पाच फटके मारले आणि त्यांच्या शक्यता ०.१०, ०.२५, ०.०५, ०.०५ आणि ०.१५ होत्या. बेरीज ०.६० झाली. ही त्याची गणिती अपेक्षा. त्याने एक गोल केला तर तो अपेक्षेच्या ०.४० ने वर गेला. एकही केला नाही तर ०.६० ने खाली राहिला. फुटबॉलमध्ये ही ‘अपेक्षित गोलां’ची रीत आता चांगलीच रुळली आहे. धान आणि पाणी यांचा जो हिशेब आपण आरंभी केला, तोच हा. येथे पाण्याच्या जागी संधी आली एवढेच.

गोलफलकावर न दिसणारे काम

धनराजसारखा वेगवान खेळाडू चेंडू घेऊन धावू लागला की प्रतिपक्षाचे दोन-तीन बचावपटू त्याच्याकडे ओढले जातात. त्यामुळे दुसऱ्या टोकाचा आपला खेळाडू मोकळा होतो आणि गोल करतो. फलकावर नाव त्या दुसऱ्याचे लागते. ‘डी’मध्ये शिरून पेनल्टी कॉर्नर मिळवून देणारा एक आणि त्यावर फटका मारणारा दुसरा, असेही नेहमी घडते. केवळ गोल मोजले तर हे सारे काम हिशेबाबाहेर राहते.

करून पाहा

तुमच्या शाळेत हॉकी खेळत असतील तर उत्तम. नसेल तर कबड्डी किंवा व्हॉलीबॉलवर हा प्रयोग करता येईल. एक खेळाडू निवडा आणि वहीत रकाने आखा: मैदानावरील मिनिटे, मिळवलेले चेंडू, गमावलेले चेंडू, अचूक पास, ‘डी’मधील प्रवेश, मिळवलेले पेनल्टी कॉर्नर, फटके, गोल. कबड्डीसाठी चढाया, यशस्वी चढाया, पकडी आणि यशस्वी पकडी असे रकाने चालतील.

तीन पथ्ये पाळा. पहिले, दोघांनी एकमेकांच्या वहीत न पाहता वेगवेगळी नोंद करावी आणि शेवटी ताडून पाहावे. चाळीस पासांपैकी चौतीस पासांबाबत दोघांचे एकमत झाले तर मेळ ८५ टक्के. तो फारच कमी असेल, तर ‘अचूक पास’ कशाला म्हणायचे हे आधी ठरवा. दुसरे, शक्य तर नोंद करणारे दुसऱ्या शाळेचे असावेत आणि त्यांना खेळाडूचे नाव न सांगता पाठीवरचा क्रमांकच सांगावा. नाव मोठे असले की नजर बदलते. तिसरे, सामन्याआधीच तुमचा अंदाज आकड्यात लिहून, घडी घालून, शिक्षकांकडे द्या. सामना संपल्यावर ‘मला हे आधीच ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह सर्वांनाच होतो.

निदान दहा सामने झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. मग वर्गात बसून तीन प्रश्न विचारा. आपली अपेक्षा ही इच्छा होती की अंदाज? प्रतिस्पर्धी, मैदान आणि मिळालेल्या संधी लक्षात घेता किती कामगिरी शक्य होती? आणि उरलेला फरक दैवाने होऊ शकेल इतकाच आहे का? या तिन्ही प्रश्नांतून जो फरक शिल्लक राहील, त्याचेच श्रेय किंवा त्याचाच दोष खेळाडूला द्यावा.

असा निवाडा टाळ्यांइतका झटपट होत नाही. त्याला वही लागते, धीर लागतो आणि आपल्या आवडीनिवडी थोड्या बाजूला ठेवाव्या लागतात. पण ज्याने पंधरा वर्षे देशासाठी घाम गाळला, त्याच्याबद्दल मत बनवताना एवढे कष्ट घेणे हे आपले कर्तव्यच नव्हे काय?